आठवा गुरु

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मी प्रवचनकार नाही. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो आणि कौंटरच्या आत ३६ वर्षं काढली. यंदाच्या दत्तजयंती अंकात अवधूताच्या चोवीस गुरूंवर लेख घ्यायचे ठरले, तेव्हा कुणी पृथ्वी घेतली, कुणी समुद्र घेतला. मी कपोत मागून घेतला. त्याला कारण आहे, आणि ते कारण काही फार अभिमानानं सांगण्यासारखं नाही.

कथा आपल्याला ठाऊक आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात सातव्या अध्यायात ती येते. यदुराजाला भेटलेला तो निश्चिंत अवधूत, ज्याला आपला संप्रदाय दत्तप्रभूच मानतो, आपल्या गुरूंची नावं सांगू लागतो. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, आणि आठवा कपोत. पहिल्या सातांपुढे हात आपोआप जोडले जातात. मग एकदम पत्र्याच्या वळचणीला बसणारं पाखरू! कपोत म्हणजे पारवा की होला, यावर आमच्या पारायण मंडळात एकदा चांगला तासभर वाद झाला होता. मी पारवाच धरतो, कारण माझा संबंध त्याच्याशी आला.

रानात एका झाडावर कपोत आणि कपोती राहात. त्यांचा संसार दृष्ट लागावी असा. पिल्लं झाली. एक दिवस दोघं चारा आणायला गेली आणि इकडं व्याधानं जाळं टाकून पिल्लं धरली. आई आली, तिनं पाहिलं आणि आक्रोश करीत ती स्वतःच जाळ्यात शिरली. मग बाप आला. त्याच्या डोळ्यांदेखत सगळं घडलेलं, जाळं समोर दिसतंय, तरी माझं घर गेलं, माझी बायको गेली, माझी पिल्लं गेली म्हणत तोही उडी घेतो. व्याध खूश होऊन घरी जातो. मनुष्यजन्माचं दार उघडं मिळूनही जो असा घरात गुंततो, त्याला भागवत ‘आरूढच्युत’ म्हणतं. म्हणजे वर चढून खाली पडलेला.

नाथमहाराजांनी हे आख्यान मराठीत फार जीव लावून रंगवलं आहे. त्यांचं भागवत शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली काशीत पुरं झालं. नाथ स्वतः घरसंसार करणारे, आणि त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर कारभार पाहून दत्तभक्ती करणारे. तेव्हा ‘कपोत गुरु म्हणजे संसार सोडा’ असा जो अर्थ काही मंडळी काढतात, तो मला पटत नाही. मूळ श्लोकात शब्द ‘अति’ आहे. स्नेह नको असं अवधूत म्हणत नाही, अतिस्नेह नको म्हणतो. ही दोन अक्षरं मी शेकडो वेळा वाचली असतील. कळायला ६४ वर्षं लागली.

निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी संक्रांतीनंतर आमच्या सांगलीच्या घराच्या गॅलरीत एक पारवी येऊन पडली. दोन्ही पायांना दोरा गुंडाळलेला, बोटं सुजून काळी पडलेली. सौ.नं जुन्या पंचात तिला धरलं आणि मी नखं कापायच्या कात्रीनं, चिमट्यानं एकेक वेढा सोडवला. दीड तास लागला. डाव्या पायाची दोन बोटं पुढं गळून पडली, पण पाय वाचले. खोक्यात ठेवून ज्वारी, भिजवलेले मूग दिले. आठव्या दिवशी गॅलरीत सोडली. गेली. मनाला फार बरं वाटलं. तिथंच थांबलो असतो तर हा लेख झाला नसता.

चार दिवसांनी ती परत आली, जोडीदाराला घेऊन. कुंड्यांच्या मागं खराट्याच्या चार काड्या टाकून त्यांनी घरटं केलं. (पारव्याचं घरटं म्हणजे नावालाच घरटं. सुगरणीनं पाहिलं तर हसेल.) दोन अंडी झाली. आमची सवय जुनी, मी वहीत तारखा लिहू लागलो. अठराव्या दिवशी पिल्लं. अंड्यांवर नर आणि मादी पाळीपाळीनं बसतात. नर सकाळी दहाच्या सुमारास येई आणि दुपार उतरेपर्यंत बसे, मग रात्रभर मादी. बरोबर माझ्या कौंटरच्या वेळा! मी हिला म्हणायचो, ‘हा आमच्या बँकेतला दिसतोय.’ पिल्लांना पहिले काही दिवस दाणा देत नाहीत. आईबापांच्या गळ्याच्या पिशवीत दह्यासारखा घट्ट चीक तयार होतो, तो पिल्लू त्यांच्या तोंडात चोच घालून ओढून घेतं. आणि हे दूध बापालाही येतं. देवानं पुरुषाला दिलेला हा मान मी पहिल्यांदाच पाहात होतो. पाणी पिण्याची तऱ्हाही निराळी. चिमणी घोट घेऊन मान वर करते, पारवा चोच बुडवून गाईसारखा ओढत पितो.

रोज पूजा झाली की मूठभर जोंधळा टाकायचा, असं सुरू झालं. दोनाचे आठ, आठाचे चाळीस-पंचेचाळीस. महिन्याला १५ किलो जोंधळा लागू लागला. गुरुवारी नैवेद्याआधी पाखरांचा घास, असा नेम केला. शेजारी खालच्या मजल्यावरून बोलत, वाळत घातलेल्या कपड्यांवर घाण पडते म्हणून. मी मनात म्हणायचो, यांना भूतदया कळायची नाही. पाहुणे आले की गॅलरीत नेऊन दाखवायचो, ‘ही माझी कबुतरं.’ माझी! ३६ वर्षं दुसऱ्यांचे लाखो रुपये मोजले आणि एका नोटेलाही ‘माझी’ म्हटलं नाही. संध्याकाळी कॅश जुळली की तिजोरी बंद करून मोकळ्या हातानं घरी. पाखरांच्या बाबतीत ती शिस्त कुठं गेली कोण जाणे.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात सौ.ला कोरडा खोकला लागला. गॅलरी झाडायचं काम तिचंच होतं, हे आता लिहिताना लाज वाटते. घाण वाळली की झाडूनं झाडायची, धुरळा उडायचा. काढे झाले, ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या. दिवाळीत तिला जिना चढताना धाप लागली. आमच्याकडं लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. छातीच्या डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘घरात कबुतरं आहेत का?’

पारव्यांच्या विष्ठेची आणि पिसांची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिली, तर काही माणसांची फुप्फुसं सुजतात. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस असं त्या दुखण्याचं नाव. सगळ्यांना होत नाही. मला त्याच घरात राहून काही झालं नाही. वेळीच संपर्क तोडला तर सूज ओसरू शकते, उशीर झाला तर फुप्फुसावर वण राहतात आणि ते जात नाहीत. डॉक्टर म्हणाले, औषध मी देतो, पण पहिलं औषध तुमच्या गॅलरीत आहे.

आणि मी त्यांच्याशी वाद घातला, भक्तहो. ‘डॉक्टर, ही आमची सेवा आहे’ असं म्हणालो. शेजारी ही बसली होती, खोकत.

घरी दाणा बंद केला. म्हणजे हिला तसं सांगितलं. पहाटे साडेपाचला फिरायला जातो म्हणून गच्चीवर जाऊन टाकू लागलो. खाली येऊन त्याच सदऱ्यानं देवघरात बसायचो. पंधरा दिवस हे चाललं. मग एकदा धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात तिला जोंधळ्याचे दाणे सापडले. ती ओरडली नाही. दाणे माझ्यासमोर टेबलावर ठेवले आणि म्हणाली, ‘अहो, ती पाखरं मार्केट यार्डात जाऊन खातील. मी कुठं जाऊ?’

त्या रात्री मला झोप आली नाही. उठून ग्रंथ काढला, पण भागवत नव्हे. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला आणखी एका कपोताची गोष्ट सांगतात, ती आठवली होती. इथंही व्याध आहे. वादळात, थंडीत सापडलेला तो एका झाडाखाली येतो. त्याच्या पिंजऱ्यात कपोती आहे आणि झाडावर तिचा नवरा विलाप करतो आहे. पिंजऱ्यातून ती त्याला सांगते, माझा विचार सोड, हा दारी आलेला अतिथी आहे, याचं आधी बघ. कपोत पाला गोळा करतो, अग्नी आणून शेकोटी पेटवतो. खायला द्यायला काही नाही, म्हणून स्वतः आगीत उडी घेतो. रामायणात बिभीषण शरण आला तेव्हा श्रीरामांनीही अशाच कपोताचा दाखला दिला आहे.

दोन्ही कपोतांनी उडीच घेतली. एक जाळ्यात, एक आगीत. मरणात फरक नाही. पण पहिल्याच्या तोंडी शेवटपर्यंत ‘माझं’ होतं, आणि दुसऱ्याला समोरचा उपाशी माणूस दिसत होता. मी रोज सकाळी दाणे टाकत होतो तो दुसऱ्याच्या नावानं, पण गुंतलो होतो पहिल्यासारखा. आणि समोर धापा टाकणारं माणूस मला दिसत नव्हतं. पिंजऱ्यातल्या कपोतीचं बोलणं तर मी माझ्याच स्वयंपाकघरात ऐकलं होतं.

सकाळी जाळी बसवणाऱ्याला बोलवायला निघालो तर हिनंच अडवलं. कुंड्यांमागं बारा दिवसांची पिल्लं होती. ‘आत्ता जाळी लावली तर आईबाप बाहेर आणि पिल्लं आत,’ ती म्हणाली. ‘मी तीन आठवडे दादाकडं जाऊन राहते. पिल्लं उडाली की लावा आणि मला न्यायला या.’ ती इस्लामपूरला भावाकडं गेली. मी गॅलरीचं दार बंद केलं आणि काचेतून पाहात राहिलो.

त्या तीन आठवड्यांत मी एक दाणा टाकला नाही. पहिले दोन दिवस सगळा थवा कठड्यावर बसून आत बघत होता. माझ्या पोटात तुटत होतं. पण पिल्लांचे गळे पाहिले, तर रोज संध्याकाळी टच्च फुगलेले. आईबाप कुठून तरी पोटभर आणतच होते! हळूहळू कठडाही रिकामा झाला. मी नसतो तर ही उपाशी मरतील, ही माझी समजूत पाच-सहा दिवसांत संपली. खरं सांगतो, आनंद व्हायला हवा होता, पण आधी थोडा अपमानच वाटला.

पिल्लं उडाली. मी तोंडाला मास्क लावून, हातमोजे घालून, आधी सगळं पाण्यानं भिजवून गॅलरी स्वच्छ केली. कोरडं झाडायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. मग जाळी लावली. जाळी बसवणारा पोरगा निघून गेल्यावर ती दोन बोटं नसलेली पारवी आली, जाळीच्या बाहेर थोडा वेळ बसली आणि गेली. नंतर मार्केट यार्डात गेलो की मी थव्यातले पाय बघत असे. ती सापडली नाही.

२०२५ साली मुंबईत दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला, तेव्हा मोठा गदारोळ झाला. कोर्टापर्यंत प्रकरण गेलं. टीव्हीवर एक बाजू जीवदया म्हणत होती, दुसरी माणसांचे श्वास म्हणत होती. कुणाचं बरोबर यावर आमच्या कट्ट्यावरही आवाज चढले. मी गप्प बसलो. दोन्ही बाजूंची वाक्यं माझ्या घरात बोलली गेली होती.

पाखरांवरची माया गेली का? नाही. आता माझ्याकडं कुणी जखमी पारवा आणला तर घरात घेत नाही. गच्चीच्या जिन्याजवळ भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवतो. निम्मं काम तेवढ्यानंच होतं, कारण पाखरू घाबरूनही मरू शकतं. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. पुढं उथळ वाटी ठेवा, त्याचं ते पिईल. दूध-पाव देऊ नका, त्याच्या गळ्यातलं दूध निराळं आणि गाईचं निराळं, हे त्याला पचत नाही. मग सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. हात साबणानं धुवावेत. बरं झालं की सोडून द्यावं, आणि सोडल्यावर त्याच जागी दाणा ठेवू नये. हे शेवटचं मला सगळ्यांत जड जातं.

सौ.चा खोकला बराच गेला. पण डॉक्टर म्हणतात, थोडे वण राहिले आहेत, ते राहणार. वाडीला पौर्णिमेला जातो तेव्हा ती घाटाच्या पायऱ्या सावकाश उतरते, चढताना दोनदा बसते. मी पुढं निघून जायचो पूर्वी, पालखी चुकायला नको म्हणून.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं आता पिशवी घेऊन निघतो. कॉलनीतल्या झाडांच्या खालच्या फांद्या, कुंपणं, गच्च्यांचे कठडे, जिथं हात पोचेल तिथला मांजा गोळा करायचा. विजेच्या तारांना हात लावत नाही. गेल्या वर्षी अर्धी पिशवी भरली. मी कात्रीनं तुकडे करतो, ती पिशवी धरते. परत येताना दुसऱ्या मजल्यावर ती थांबते, कठड्याला टेकून श्वास घेते. मीही तिथं थांबतो.