थोरल्या मुलाचं दुखणं

उधळ्या पुत्राची गोष्ट सांगताना सगळे धाकट्याबद्दल बोलतात. वाटणी घेऊन गेला, सगळं उडवलं, डुकरं राखायची पाळी आली तेव्हा परतला आणि बापाने त्याला पोटाशी धरलं. मला काळजी वाटते ती थोरल्याची. त्याने घर सोडलं नाही, शब्द मोडला नाही, रोज शेतात राबला. भावासाठी मेजवानी चालली आहे हे कळल्यावर तो दाराबाहेरच थांबला आणि बापाला हिशोब ऐकवू लागला: एवढी वर्षं राबलो, मला कधी साधं करडूही दिलं नाहीत.

आमच्या पिंगळीकडे सालगडी पाडव्याला ठरतो. पैसे किती, धान्य किती, सगळं आधी बोलून घेतलेलं असतं. सालगड्याने हिशोब मागावा, तो त्याचा हक्क आहे. पण पोटच्या पोराने बापाकडे सालाचा हिशोब मागितला, तर त्या घरात आतून काहीतरी तुटलेलं असतं. थोरल्याचं दुखणं हेच. येशूने ही गोष्ट ऐकवली तेव्हा समोर कुरकुर करत होते ते नियम काटेकोर पाळणारे परूशी आणि शास्त्री. थोरला शेवटी आत गेला की नाही, हे त्याने सांगितलंच नाही.

ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे रविवारची उपासना, उपवासकाळ, दशांश आणि पाळकांचा शब्द एवढंच, असं आपणही थोरल्यासारखं किती सहज धरून चालतो! या समजुतीला मराठी मुलखातून जे उत्तर मिळालं, त्याइतकं नितळ उत्तर मला इतरत्र क्वचितच दिसलं. ते पंडिता रमाबाईंनी दिलं.

1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पंचविशीतली विधवा, हाताशी लहानगी मनोरमा, परका देश, आणि आसरा दिलेला तिथल्या अँग्लिकन जोगिणींनी. अशा वेळी मान खाली घालणं किती सोपं होतं. पण त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो वाचताना या बाईच्या निर्भयपणाने मन भरून येतं. क्रुसावरची अक्षरं लॅटिनच का, संस्कृतात का नकोत? मांसाहार केला नाही तर तो जातीचा गर्व कसा? त्रैक्याचा सिद्धान्त बुद्धीला पटण्याआधी तोंडाने का म्हणायचा? चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी ते अनुचित ठरवलं. रमाबाईंनी तेही मुकाट्याने ऐकून घेतलं नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवलेली बाई दुसऱ्याच्या जोखडात ती अडकवणार नव्हती. विवेक देवाने दिला आहे, तो दुसऱ्याकडे गहाण टाकता येत नाही, ही त्यांची भूमिका. सिस्टर जेराल्डिनना त्यात अहंकार दिसला. मला त्यात श्रद्धेची सुरुवात दिसते, कारण जिच्यावर भरवसा नाही त्या व्यक्तीशी कोणी इतकं जीव तोडून भांडत नाही.

गंगाखेड आमच्याच जिल्ह्यात. तिथली जनाबाई नामदेवाच्या घरची दासी; पण विठ्ठलाशी बोलताना ती दासी उरत नाही, रागावते, हक्क सांगते. ही ओळख ज्याच्या कानावर लहानपणापासून आहे, त्याला रमाबाईंचं भांडण परकं वाटायचं कारण नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची कथा याहून घरगुती, म्हणून मला अधिक जवळची. 1895 मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. पतीच्या मागे जाणं हा तेव्हाचा स्त्रीधर्म, पण लक्ष्मीबाई गेल्या नाहीत. काही वर्षांनी एकत्र राहू लागल्या, तरी चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं कडक. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाचा आहे, हे त्यांचं त्यांना उमगलं, तेव्हा ते सोवळं सुटलं. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या शब्दाखातर तो 1895 लाच घेतला असता, तर ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिणारी ही बाई आपल्याला भेटली असती का? मला शंका आहे. टिळकांनीही पुढे, 1917 मध्ये, मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.

यावर एक रास्त हरकत निघते. प्रत्येकाने आपल्याच मनाचं ऐकायचं ठरवलं, तर मंडळी टिकेल कशी? शिस्त हवीच, आणि प्रेमाचं नाव घेऊन आळस करणारेही मी पाहिले आहेत. पण रमाबाईंचं पुढचं आयुष्य पाहावं. ख्रिस्ती धर्म मिळाला, तरी ख्रिस्त भेटला नव्हता, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं. तो भेटल्याची खूण त्यांना पटली ती बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी. आईवडील आणि थोरली बहीण यांना त्यांनी उपासमारीत गमावलं होतं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना सोबत घेऊन आल्या. त्यांचं केडगावचं मुक्ती मिशन अशा शेकडो मुलींनी भरलं. हे करा असं त्यांना कोणत्याही बिशपने फर्मावलं नव्हतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बायकांना समजेल अशा साध्या मराठीत त्यांनी सबंध बायबल आणलं, तेही कोणाच्या हुकुमावरून नव्हे. शेवटपर्यंत त्या त्यावर काम करत राहिल्या. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, आणि ते बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झालं.