देण्याआधी विचारूया



रत्नागिरी जिल्ह्यात समुद्राकाठी वेळास नावाचं गाव आहे. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं इथल्या वाळूत अंडी घालतात. एकेकाळी ही अंडी माणसं नेत, कोल्हे-कुत्री उकरून खात. मग चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था गावात आली. तिनं गावकऱ्यांना सोबत घेतलं. अंडी कुंपणाआड जपली जाऊ लागली. गावातलीच माणसं पहाटे किनाऱ्यावर घरटी शोधू लागली. पिल्लं पाहायला पाहुणे येऊ लागले आणि गावातल्या घरांना चार पैसे मिळू लागले.

श्रोतेहो, असं काम ऐकलं की वन्यजीवांसाठी आपणही काही द्यावं, असं वाटतं. वाघाचा देखणा फोटो दिसतो आणि हात खिशाकडे जातो. ही भावना चांगलीच आहे. पण देण्याआधी विचारूया. ज्या संस्थेला देणार, तिची माणसं रानात, किनाऱ्यावर दिसतात का? तिथल्या रहिवाशांना ती विश्वासात घेते का? आपला हिशेब उघडा ठेवते का?

लेकराला शाळेत घालताना आपण चौकशी करतो, ती मायेपोटीच. इथंही तसंच.

दिल्यानं आपलं मन हलकं होतं, पण तेवढं पुरेसं नाही. ज्याच्यासाठी दिलं, त्याच्यापर्यंत ते पोहोचायला हवं. मुक्या जिवाला हिशेब मागता येत नाही. त्याच्या वतीनं तो आपणच मागायचा.

म्हणून, देण्याआधी विचारूया. आणि उत्तर पटलं, तर सढळ हातानं, वर्षानुवर्षं देत राहूया.