वयाच्या खुणा, श्रमाच्या खुणा

जन्मभर आपल्या पेशींतला डीएनए जवळपास तोच असतो. तरीही विशीतला आणि सत्तरीतला स्नायू सारखा वागत नाही. यामागचे एक कारण म्हणजे मिथायलेशन. डीएनएतल्या सायटोसिन या घटकाला मिथाइल हा लहानसा रासायनिक गट चिकटतो. जनुकाच्या आरंभाशी असे गट दाटले, की ते जनुक बहुधा गप्प होते.

वयाबरोबर या खुणा काही जागी वाढतात, काही जागी विरळ होतात. दुखापतीनंतर स्नायूची डागडुजी करणाऱ्या सॅटेलाइट पेशींचेच पाहा. काम उरकल्यावर त्यांपैकी काहींनी पुन्हा विश्रांतीत जावे, म्हणजे पुढच्या वेळेसाठी साठा राहतो. वृद्धांच्या या पेशींत स्प्राउटी-१ हे जनुक मिथायलेशनमुळे दबते, पेशींना विश्रांतीकडे परतता येत नाही आणि साठा आटतो. २०२० साली मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील संशोधकांनी तर स्नायूतल्या अशा २०० जागा तपासून माणसाच्या वयाचा अंदाज बांधून दाखवला.

म्हणजे वय हेच प्राक्तन? मला तसे वाटत नाही. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतला २०१४ चा प्रयोग यासाठी फार मोलाचा आहे. तरुण स्त्री-पुरुषांनी तीन महिने फक्त एका पायाचा व्यायाम केला. दुसरा पाय स्वस्थ होता. माणूस तोच, जनुके तीच, अन्न तेच, वयही तेच. तरी व्यायाम केलेल्या पायाच्या स्नायूत हजारो जागी मिथायलेशन बदलले. स्नायूवर काळ जसा उमटतो, तसे श्रमही उमटतात.

हा प्रयोग तरुणांवरचा होता, आणि वयाच्या सगळ्याच खुणा व्यायामाने पुसल्या जातात असा दावा विज्ञान करत नाही. पण म्हातारा स्नायू प्रतिसाद देतो, हे नक्की. १९९० साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या घरातल्या वृद्धांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली.

आपल्याकडे आईवडिलांच्या हातातले काम काढून घेऊन ‘आता तुम्ही आराम करा’ म्हणणे ही माया समजली जाते. त्या मायेचा फेरविचार करायला हवा. डॉक्टरांना विचारून, झेपेल तितके बळाचे काम त्यांच्या दिनक्रमात राहू द्या. वय थांबवणे आपल्या हाती नाही; स्नायूला काम देणे आहे.