कौतुकाची उचल

4 आणि 5 जानेवारी 2016 या दोन दिवसांत कल्याणच्या युनियन क्रिकेट अकादमीच्या मैदानावर प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद 1009 धावा केल्या. 327 चेंडू, 129 चौकार, 59 षटकार. त्याच्या शाळेने 3 बाद 1465 वर डाव सोडला. समोरचा संघ कच्चा होता, पहिल्या डावात 31 धावांतच आटोपला होता. मैदानाची एक बाजूही आखूड होती. हे सगळं मान्य करूनही, शाळकरी पोराने दोन दिवस खेळपट्टीवर उभं राहून हजार धावा काढाव्यात आणि बाद होऊ नये, याला दम लागतो, चित्त लागतं.

त्याच आठवड्यात आपण त्याला पुढचा सचिन ठरवून टाकलं. खुद्द सचिनने त्याला स्वतःच्या सहीची बॅट पाठवली. मुंबई क्रिकेट संघटनेने महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. इथवर सगळं चांगलंच होतं. पण पाचसहा महिने जातात न जातात तोच पश्चिम विभागाच्या सोळा वर्षांखालील संघात अर्जुन तेंडुलकरची निवड झाली आणि लोकांनी प्रणवचं नाव हाती धरून भांडण सुरू केलं. रिक्षावाल्याचा मुलगा डावलला, असा गिल्ला झाला. प्रणव त्या मोसमात मुंबईच्या संघातच नव्हता, त्यामुळे विभागाच्या निवडीत त्याचा विचार होण्याचा प्रश्न नव्हता, हे कोणी ऐकून घेतलं नाही. दोन्ही मुलं एकमेकांचे मित्र आहेत, असं प्रणवच्या वडिलांना सांगावं लागलं.

पुढे धावा आटल्या. 2017 मध्ये त्याच वडिलांनी संघटनेला पत्र लिहिलं, की मुलाची कामगिरी सध्या घसरली आहे, तेव्हा शिष्यवृत्ती थांबवावी. रिक्षा चालवून घर चालवणाऱ्या माणसाला महिन्याचे दहा हजार काय असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या पत्राबद्दल मला फार आदर वाटतो. आणि राग येतो तो आपलाच, कारण त्या घराला असं पत्र लिहावंसं वाटलं ते आपल्या नजरांमुळे. पैसे घेतोय आणि धावा होत नाहीत, हे ओझं त्यांच्या मनावर कोणी ठेवलं?

आपल्या शिरूर-दौंड पट्ट्यात ऊसतोडीची उचल सगळ्यांना माहीत आहे. हंगामाआधी मुकादमाकडून पैसे हातात पडतात आणि मग ते अंगावर फेडायचे असतात. गुणी पोराला आपण कौतुकाची तशीच उचल देतो. त्याने ती मागितलेली नसते. जत्रेच्या आखाड्यात सतरा वर्षांच्या पोराने काटा कुस्ती मारली, की हलगी घुमते, फेटा बांधला जातो, खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते आणि कोणीतरी भोंग्यावरून सांगून टाकतो, हा आपल्या तालुक्याचा महाराष्ट्र केसरी! त्या दिवसापासून वसुली सुरू होते. पारावर, सलूनमध्ये, एसटी स्टँडवर जो भेटेल तो विचारतो, काय रे, कधी आणतोस गदा?

त्या पोराच्या वाटेत काय काय असतं, याची चौकशी मात्र होत नाही. गावच्या मातीत तयार झालेल्या अंगाला मॅटवरची कुस्ती नव्याने शिकावी लागते. दूध, तूप, बदामाचा खुराक शेतीच्या पैशात बसत नाही, आणि एका वर्षी कांदा पडला की खुराक आधी तुटतो. क्रिकेटचंही तेच. टेनिस बॉलवर मैदानाबाहेर चेंडू मारणाऱ्याला लेदरचा चेंडू टाकला की पाय हलत नाही, कारण सरावाला नीट खेळपट्टीच मिळालेली नसते. यवत, केडगाव, पाटसची मुलं निदान दौंडची गाडी धरून पुण्याला जाऊ शकतात. शिरूरला तर रेल्वेच नाही, शिक्रापूर-वाघोलीच्या गर्दीतून एसटीने जायचं, चार चेंडू खेळायचे आणि रात्री परत यायचं. त्यात गुडघा गेला, की संपलं. तरीही काही पोरं पाच-सात वर्षं रेटतात. मग कोणी रांजणगावच्या कंपनीत लागतो, कोणी कुरकुंभला, कोणी पोलीस भरतीत उतरतो. नीट संसार करतो, आईबापांना सांभाळतो. आणि आपण चहाच्या टपरीवर त्याच्या पाठीमागे म्हणतो, वाया गेला बिचारा.

एका डावातल्या सर्वाधिक वैयक्तिक धावांचा प्रणवने मोडलेला विक्रम ज्याचा होता, त्या ए. ई. जे. कॉलिन्सची गोष्ट यासाठी मला जवळची वाटते. त्याचा जन्म आपल्याकडचाच, हजारीबागचा. 1899 मध्ये इंग्लंडातल्या क्लिफ्टन कॉलेजच्या मैदानावर तेराव्या वर्षी त्याने नाबाद 628 धावा केल्या. पुढे तो सैन्यात अभियंता अधिकारी झाला, प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही, आणि 1914 मध्ये इप्रच्या लढाईत एकोणतिसाव्या वर्षी मारला गेला. त्याच्या शाळेने त्या खेळीची पाटी मैदानावर लावली. पाटीवर 628 आहेत. पुढे काय झालं नाही, याचा हिशेब तिथे नाही.

आपण विनोद कांबळीच्या नावापुढे हळहळ लावल्याशिवाय बोलत नाही. 17 कसोट्या, 1084 धावा, दोन द्विशतकं, सरासरी 54.20. ही सरासरी सचिनच्या कसोटी सरासरीपेक्षा किंचित जास्त आहे. तेविसाव्या वर्षी त्याची शेवटची कसोटी झाली, याचं दुःख मलाही आहे. पण त्या धावा कोणाचं देणं फेडायला काढलेल्या नव्हत्या. शारदाश्रम शाळेकडून खेळताना सचिन आणि कांबळीने केलेल्या त्या 664 धावांच्या भागीदारीत पॅड बांधून बसलेला पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार होता. रणजी पदार्पणात 260, प्रथम श्रेणीत 11,167 धावा, आणि भारताकडून एकही सामना नाही. त्यानेच शिकवलेल्या भारताच्या मुलींनी 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. न मिळालेलं काय असतं, हे जाणणारा माणूस त्यांच्यासोबत होता, याचा त्यांना उपयोग झालाच असेल असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आपल्या गावांकडे माझं एक मागणं आहे. न्हावरा असो, पाबळ असो की पाटस, शाळेच्या मैदानावर संध्याकाळी खेळणाऱ्या पोरांना लेदरचा चेंडू कुठे टप्पा पडून आत येतो, मॅटवर पकड कशी बदलते, निवड चाचणीला कागद कोणते लागतात, दुखरा गुडघा किती दिवस जपायचा, हे सांगणारं माणूस हवं. ते माणूस प्रत्येक गावात आहे, आणि कंपनीतली पहिली पाळी संपवून संध्याकाळी घरीच असतं. ग्रामपंचायतीने आणि शाळेच्या समितीने त्याला बोलवावं, मैदानाची किल्ली द्यावी, थोडंफार मानधन ठरवावं. आणि येत्या जत्रेत आखाड्याचा नारळ त्याच्या हातून फोडावा.