पाचवे कारण

दसऱ्याला गाडीच्या चाकांना हळदकुंकू लागते, बॉनेटवर झेंडूची माळ चढते, बंपरला लिंबू-मिरची लटकते. त्याच गाडीच्या डिकीत स्टेपनी पडलेली असते आणि तिच्यात हवा किती आहे हे पुष्कळदा घरात कुणालाच ठाऊक नसते. बुद्धिवादी मंडळी यावर हसतात. श्रद्धेने माणूस बेफिकीर होतो, असे त्यांचे म्हणणे. श्रद्धाळू म्हणतात, व्हायचे ते चुकत नाही. दोघांनीही एक गोष्ट न तपासता धरून ठेवली आहे, ती अशी की दैव मानणारा खबरदारी घेणार नाही आणि खबरदारी घेणारा दैव मानणार नाही. मला हेच पटत नाही. पंक्चर झालेले चाक एकट्याने, धोका न पत्करता बदलण्याची रीत पाहा. दैवाची जाणीव नसलेल्या माणसाला तिच्यातल्या निम्म्या गोष्टी सुचणारच नाहीत.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना चेष्टा म्हणजे तऱ्हतऱ्हेचे प्रयत्न, आणि पाचवे दैव. शंकराचार्यांनी अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा केला आणि दैवाचा अर्थ इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता. रस्त्याकडेच्या कामाला ही चौकट लावताना मी थोडी मोकळीक घेतो. शरीर ज्या जमिनीवर टेकले आहे तीही अधिष्ठानात धरतो, आणि आपल्या हाताबाहेरचे जे जे ते दैवात.

जमीन सपाट आणि टणक हवी, कारण उतारावर गाडी सरकते आणि भुसभुशीत मातीत जॅक रुततो. गाडी वाहतुकीपासून शक्य तितकी दूर घ्यायची, चारही इंडिकेटर लावायचे, परावर्तक त्रिकोण बराच मागे ठेवायचा, सगळ्यांना खाली उतरवायचे. हँडब्रेक ओढायचा, गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवायची, आणि एवढे करूनही बदलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावायचा. ब्रेक आहे, गिअर आहे, मग दगड कशाला? तर बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागची चाके धरतो, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे पुढचे एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे गिअरची पकड नाहीशी होते. म्हणजे भिस्त एकट्या हँडब्रेकवर उरते, आणि त्याची तार सैल असू शकते. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करायचे. उचललेल्या गाडीवर पान्याला हिसका दिला तर गाडी जॅकवरून घसरते. जॅक कंपनीने नेमून दिलेल्या खाचेतच लावायचा. स्टेपनी काढून आधी दाराखालच्या पट्टीच्या खाली आडवी सरकवायची, आणि जुने चाक निघाले की त्या जागी ते. जॅक दगा देऊन गाडी पडलीच तर चाकावर पडेल. तरीही हात-पाय गाडीखाली घालायचे नाहीत. यातले त्रिकोण, दगड, आडवे चाक हे चाक बदलण्याच्या कामी तसे काहीच येत नाहीत. ते नसतानाही चाक बदलते. आपली चेष्टा फसू शकते हे ज्याने मनापासून मान्य केले आहे त्यालाच त्यांची गरज कळते.

यावर कुणी म्हणेल, ही तर शक्यतेची गणना झाली, तिला दैव हे भारदस्त नाव कशाला? आक्षेप जुना आहे. योगवासिष्ठाच्या मुमुक्षुव्यवहार प्रकरणात वसिष्ठ रामाला सांगतात की दैव म्हणून वेगळे काही नाही, आपलाच पूर्वीचा प्रयत्न आज दैव होऊन समोर येतो. न तपासलेल्या स्टेपनीबाबत हे तंतोतंत खरे आहे. पण मागच्या वेळी कुण्या गॅरेजमध्ये हवेच्या गनने असे आवळलेले नट, की आता अंगाचे सगळे वजन टाकूनही हलत नाहीत, ते माझे पूर्वकर्म कसे? मागून येणाऱ्या ट्रकचा पेंगणारा चालक तर नाहीच नाही. दुसऱ्यांच्या कर्माचा हा वाटा वसिष्ठांच्या मांडणीत पुरेसा येत नाही. गणनेने त्याचे प्रमाण सांगता येईल. तो आज, या वळणावर, आपल्या वाट्याला येईल की नाही हे सांगता येत नाही.

श्रद्धाळूंचा आक्षेप निराळा. इतकी तजवीज म्हणजे देवावर अविश्वास, असे त्यांना वाटते. मग विचारावेसे वाटते, की लिंबू-मिरची ही तरी तजवीजच नव्हे काय? फरक इतकाच, की तिच्यात दैवाला आधीच चुकते केल्याचा समज आहे, आणि एकदा चुकते केले की पुन्हा बघायला नको. यापेक्षा दसऱ्याची पूजा मला कितीतरी शहाणपणाची वाटते. ती साधनांची पूजा आहे, तिसऱ्या कारणाची. पण मग जॅक, पाना आणि स्टेपनी यांना त्या दिवशी डिकीबाहेर काढायला हवे. आपण नेमके तेवढेच विसरतो.

राहिला कर्ता. पाच कारणे सांगून झाल्यावर लगेच गीता बजावते की केवळ स्वतःला कर्ता मानणाऱ्याला नीट दिसत नाही. 'कुणाची मदत न घेता केले' या अभिमानाला हे थेट लागू आहे. म्हणून ही विद्याच सोडावी असे मात्र नाही. 2020 मध्ये केंद्राने नियम बदलून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्ती संच असलेल्या लहान प्रवासी गाड्यांवरची स्टेपनीची सक्ती काढली. तो संच छोटे भोक बुजवतो, बाजूने फाटलेला टायर त्याने सुधारत नाही. तेव्हा एकट्याने बदलता येणे हवेच, पण कुठे बदलू नये हेही त्याच विद्येत येते. द्रुतगती मार्गावर, रहदारीच्या बाजूचे चाक बसले असेल आणि कडेला पुरेशी जागा नसेल, तर पान्याला हात लावू नका. कठड्यापलीकडे जाऊन उभे राहा आणि मदत मागवा.