निद्रा कोणाच्या सोयीची ?

रोग्याच्या संमतीवांचून त्याच्या देहास हात लावूं नये, हें तत्त्व आज सर्वमान्य आहे. परंतु रोगी दोन वर्षांचा असेल तर संमति कोणाची घ्यावयाची ?

स्वीडनमधील लुंड येथें १९५३ सालीं एडलर व हर्ट्‌झ यांनीं ध्वनिलहरींच्या साह्यानें हृदय पाहण्याची रीति प्रथम दाखविली. ही तपासणी दुखत नाहीं; तींत सुई नाहीं कीं क्ष-किरण नाहींत. तथापि जन्मजात व्यंगाचा पुरता शोध घ्यावयास पुष्कळदां अर्धापाऊण तास लागतो, आणि तेवढा वेळ लहान मूल स्वस्थ पडून राहत नाहीं. म्हणून क्लोरल हायड्रेट तोंडानें, मिडॅझोलॅम तोंडानें वा नाकांतून, किंवा डेक्समेडेटोमिडीन नाकांतून देऊन त्यास गुंगी आणतात. म्हणजे हें औषध वेदनेवर नव्हे, चळवळीवर आहे. चित्र स्वच्छ मिळावें एवढ्यासाठीं दुसऱ्याची शुद्ध हरण करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला ?

कोणी म्हणतील, औषध नकोच; मुलास धरून ठेवावें. आम्हांस ही दया वाटत नाहीं. भेदरलेल्या मुलास दाबून धरणें हीहि त्याच्या इच्छेची पायमल्लीच होय. शिवाय रडण्यानें चित्र बिघडतें, आणि अपुऱ्या चित्रावरून निर्णय चुकल्यास शिक्षा मुलालाच भोगावी लागते.

उलटपक्षीं, गुंगी म्हणजे साधी झोप नव्हे. तींत श्वास मंदावून रक्तांतील प्राणवायु घटूं शकतो. यास्तव मूल पुरतें जागें होईपर्यंत जाणत्या माणसाची नजर त्यावर हवी. अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २०१६ सालीं असा इशारा दिला कीं, तीन वर्षांखालील मुलांस मिडॅझोलॅमसारखीं औषधें तीन तासांहून अधिक वेळ किंवा वारंवार दिल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होण्याचा संभव आहे. एकदां अल्पकाळ दिल्यानें मात्र अपाय होण्याचा संभव कमी.

आईबाप हे मुलाच्या देहाचे मालक नव्हेत, विश्वस्त आहेत. विश्वस्तानें विचारावयाचा प्रश्न एकच : ही निद्रा मुलाच्या हिताची, कीं आमच्या घाईची ? आईची मांडी, दूध, खेळणें किंवा तासभर धीर यांनीं काम भागत असेल, तर औषध ही आमची अधीरताच ठरेल. तें न भागलें, आणि चित्रावर पुढील उपचार अवलंबून असला, तर गुंगी देणें हेंच कर्तव्य होय. जो स्वतः "नको" म्हणूं शकत नाहीं, त्याच्या वतीनें "हो" म्हणणाऱ्यानें तें दुप्पट विचारानें म्हटलें पाहिजे.