स्वतःला दिलेला शब्द

स्वतःला दिलेला शब्द मोडला तर ते पाप होतं का, हा प्रश्न मला दर बुधवारी संध्याकाळी साडेसहाला पडतो. इतर वारी पडत नाही असं नाही. पण बुधवारी लोकलमध्ये उभं राहून पायांचा भुगा झालेला असतो आणि दारातच कांदेपोह्यांचा वास येतो. अशा वेळी माणूस तत्त्वज्ञ झाला नाही तरच नवल.

कपाटाच्या दाराला आतून मी वेळापत्रक चिकटवलं आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी धावणे, मंगळवार, गुरुवार घरीच जोर नि बैठका, शनिवारी लांबचा पल्ला, रविवारी विश्रांती. यातला रविवार मी आजवर एकदाही चुकवलेला नाही. आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं दमवणारा व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं, तेव्हा बेत शास्त्रशुद्धच होता. धावायचं तेही सहज बोलता येईल इतक्या वेगाने, असं जाणकार म्हणतात. शिवाजी पार्कात एक आजी रोज मला मागे टाकून जातात, त्या तर फोनवर बोलत बोलत. आणि चालत.

तर शब्दाचं म्हणत होतो. हॉब्ज नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १६५१ साली ‘लेव्हायथन’ ग्रंथात या प्रश्नाचा निकाल लावून टाकला आहे. मुद्दा राजाविषयी आहे, पण माझ्या कामाचा आहे. शब्द देणारा मीच, घेणाराही मीच. घेणाऱ्याने सोडून दिलं की देणारा मोकळा! घेणारा म्हणून मी फार मोठ्या मनाचा आहे. हे लिहिणारे हॉब्जसाहेब मात्र पंचाहत्तरीच्या सुमाराला टेनिस खेळत, असं त्यांचे स्नेही ऑब्री यांनी लिहून ठेवलंय. सवलत काढायची आणि स्वतः घ्यायची नाही, हा अप्पलपोटेपणाचा उलटा प्रकार मला समजत नाही.

हॉब्जच्या आधारावर दोन महिने सुखात गेले. मग एका शुक्रवारी नाना म्हणाले, “अरे, आज पेपर वाचतोस का जरा?”

नाना माझे वडील. वय ८४. मधुमेहाने डोळे इतके गेलेत की मथळासुद्धा लागत नाही. पूर्वी संध्याकाळी मी त्यांना अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत सगळं वाचून दाखवायचो. वेळापत्रक आलं आणि ते बंद पडलं. मी बुटांची नाडी बांधत होतो.

“आज नाही नाना. धावायचा वार आहे. स्वतःला शब्द दिलाय मी.”

“बरं,” म्हणाले आणि त्यांनी पेपरची घडी घातली. उलटी.

पार्काची एक फेरी म्हणजे सव्वा किलोमीटरला थोडी कमी. दुसऱ्या फेरीत माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. हाच शब्द मी पोह्यांसाठी मोडला होता, क्रिकेटसाठी मोडला होता, एकदा तर एक मोजा सापडेना म्हणून मोडला होता. मग नाना समोर आल्यावरच त्याची भीष्मप्रतिज्ञा कशी झाली? बरं, नानांना मी शब्द दिला नव्हता, हे खरं. पण रोज सहा वाजले की ते चष्मा पुसून बसायचे. चष्म्याचा काही उपयोग नसताना. हे कशात मोडतं, ते हॉब्जमध्ये मला सापडलं नाही. तिसरी फेरी तशीच सोडून मी घरी आलो.

हल्ली नाना माझ्याबरोबर पार्कात येतात आणि कट्ट्यावर बसतात. मी एक फेरी मारतो, धापा टाकत एक बातमी वाचतो, पुन्हा पळतो. महागाईची बातमी धापा टाकत वाचली की जास्त खरी वाटते, असं त्यांचं मत आहे.

परवा दोन फेऱ्यांनंतर मी म्हटलं, “चला नाना, झालं.”

“तीन म्हणाला होतास.”

“ते मी स्वतःशी म्हणालो होतो.”

“मी ऐकलं ना!” नाना म्हणाले. “जा. तोवर मी पेपर धरतो.”